कागदावरचा फायमोसिस

सुंतेचा विषय निघाला की आपल्या समाजात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "सुन्नत आहे." दुसरं त्याला लागूनच येतं, "आणि आता सायन्सनंही मान्य केलंय." पहिल्या वाक्याशी माझं भांडण नाही. दुसऱ्याशी आहे. कारण ते आता चहाच्या टपरीवरच्या गप्पांपुरतं राहिलेलं नाही, ते दवाखान्याच्या केसपेपरवर जाऊन बसलंय.

कसं ते सांगतो. भोर-वेल्ह्यातली आपली पोरं आता शिरवळ, खेड शिवापूरच्या कंपन्यांत कामाला जातात. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम असतो. मुलाची सुंता करायची ठरली की पहिला प्रश्न निघतो, पॉलिसीत बसेल का? बहुतेक पॉलिसींत सुंतेचा खर्च मिळत नाही. एखाद्या आजारावरचा उपचार म्हणून करावी लागली, तरच मिळतो. मग कुणीतरी जाणता सांगतो, "फायमोसिस लिहून घ्या." डॉक्टरही लिहून देतो. चार वर्षांच्या ठणठणीत पोराच्या नावावर एक आजार चढतो, दावतीचा खर्च वाचतो आणि सगळे खूश होतात. ओळखीपाळखीत हे इतक्या वेळा झालंय की त्यात काही खोटं आहे असं कुणाला वाटतही नाही.

विमा कंपनीला फसवणं हा गुन्हा आहेच, पण तो भाग मी बाजूला ठेवतो. मला खुपतं ते वेगळं. आपण ज्याला दीनचं काम म्हणतो, त्याची सुरुवातच खोट्या कागदाने करतो. आणि तो कागद लिहिता-लिहिता डॉक्टरलाही सवय लागते आणि आपल्यालाही. हळूहळू आपण खरंच मानायला लागतो की कातडी घट्ट असणं हा आजार आहे आणि कापणं हा त्यावरचा इलाज.

माझं म्हणणं सरळ आहे. सुंता करायची तर धर्मासाठी करतो असं सांगून करा. "वैद्यकीय गरज" हे शब्द ज्याला खरोखर गरज आहे त्याच्यासाठी राहू द्या. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर आपल्या मुलांचं भलं होईल, आणि शेजारच्या बिगरमुस्लिम घरांतल्या पुरुषांचंही. ते कसं, हे पुढे येईल.

घट्ट कातडी म्हणजे आजार नव्हे

आधी शरीराचं बघू, कारण शाळेत हे कुणी शिकवलेलं नाही आणि घरी कुणी बोलत नाही.

मुलगा जन्मतो तेव्हा लिंगाच्या टोकावरची कातडी आतल्या बोंडाला चिकटलेली असते. नख जसं बोटाला चिकटलेलं असतं, साधारण तसं. ती मागे सरकत नाही, आणि सरकायचीही नसते. ब्रिटनमधले बालरोगतज्ज्ञ डग्लस गेर्डनर यांनी १९४९ मध्ये नवजात मुलं तपासली, तेव्हा कातडी पूर्ण मागे जाते अशी जेमतेम ४ टक्के निघाली. पुढे डेन्मार्कमध्ये याकोब ऑस्टर यांनी शाळकरी मुलांना वर्षानुवर्षं तपासून १९६८ मध्ये आकडे मांडले. सहा-सात वर्षांच्या मुलांत ६३ टक्क्यांची कातडी आतून थोडीफार चिकटलेली होती. सोळा-सतराव्या वर्षी हेच प्रमाण ३ टक्क्यांवर आलं. कातडीचं तोंडच अरुंद असलेली मुलं सहा-सातव्या वर्षी ८ टक्के होती, सोळा-सतराव्या वर्षी १ टक्का. मधल्या काळात कुणी काही कापलं नव्हतं. शरीराने आपलं काम आपल्या वेगाने केलं.

लघवी करताना कातडी फुग्यासारखी फुगते, हे पाहून आया घाबरतात. लघवी नीट होत असेल आणि दुखत नसेल, तर ती आतून सुटू लागल्याची खूण असते. कातडीखाली पांढरट गोळी दिसते, त्याला पू समजतात. बहुतेक वेळा तो सुटलेल्या पेशींचा साठा असतो आणि आपोआप बाहेर पडतो.

खरा धोका करतो तो आपला उतावीळपणा. आमच्या भागात, हिंदू घरांत विशेषतः, बाळाला अंघोळ घालणारी बाई किंवा आजी तेल लावून रोज ती कातडी मागे ओढते. काही डॉक्टरही तसं करायला सांगतात. ओढून-ओढून तिला बारीक चिरा पडतात, चिरा भरताना वण धरतो, आणि जी कातडी पाच वर्षांनी आपोआप सैल झाली असती ती कायमची आवळते. म्हणजे आजार टाळायला म्हणून आजार तयार करायचा. लहान मुलाची कातडी बाहेरून पाण्याने धुवायची, बाकी तिला हात लावायचा नाही. ती पहिल्यांदा मागे सारायचा हक्क त्या मुलाचा, त्याला जमेल तेव्हा.

मग गरज कधी असते?

असते. मी ती नाकारत नाही, उलट ती ओळखता यावी म्हणूनच हे लिहितो आहे.

एक, कातडीच्या तोंडाशी पांढरं, कडक, वणासारखं कडं तयार होतं आणि आधी सैल असलेली कातडी पुन्हा आवळते. या त्वचारोगाला लायकेन स्क्लेरोसस म्हणतात. त्यात सुंता हा खरा उपचार असतो. दोन, उपचार करूनही पुन्हापुन्हा सूज, पू, दुखणं होत राहणं. तीन, कातडी मागे गेली आणि पुढे येईना, बोंडामागे दोरीसारखी आवळून बसली. याला पॅराफायमोसिस म्हणतात. ही तातडीची वेळ असते. वरंध घाटाकडच्या किंवा केळदकडच्या वाडीतून निघायचं असेल तर सकाळची एसटी बघत बसू नका, रात्रीच निघा. पहिल्या काही तासांत डॉक्टर हाताने दाबून, सूज उतरवून ती पुढे आणू शकतो. लघवीची नळी घालताना कातडी मागे घेतली आणि पुन्हा पुढे आणायची राहिली, तर म्हाताऱ्या माणसांत हेच होतं. नातेवाईकांनी तेवढं लक्ष ठेवावं. चार, मुलाच्या मूत्रमार्गातच जन्मजात दोष आहे, लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढते आणि वारंवार संसर्ग होतो.

या यादीत "तीन वर्षांचा झाला तरी कातडी मागे जात नाही" हे कुठे नाही.

आणि कातडी खरंच आवळलेली असली, तरी पहिली पायरी सुरी नसते. बीटामेथासोनसारखं स्टेरॉईड मलम दिवसातून दोनदा, चार ते आठ आठवडे, नेमक्या कड्यावर पातळ लावलं की बहुतेक मुलांची कातडी सैल होते. मात्र ते डॉक्टरने बघून दिलेलं हवं. मेडिकलच्या काउंटरवरून "खाज आहे, काहीतरी द्या" म्हणून मिळणारी थ्री-इन-वन ट्यूब, जिच्यात स्टेरॉईड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र कालवलेलं असतं, ती नव्हे. त्या ट्यूबने गावोगाव कातड्या खराब केल्या आहेत.

म्हणून डॉक्टरने "फायमोसिस आहे, काढावं लागेल" म्हटलं की तीन प्रश्न विचारा. हे वयानुसार असणारं आहे की वण धरलेला आजार आहे? मलम लावून बघितलं का? आणि सहा महिने थांबलो तर काय बिघडेल? नीट डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही.

शहापूरची गोष्ट

जून २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात नऊ वर्षांच्या एका मुलाला पायाच्या जखमेसाठी दाखल केलं होतं. आई-वडिलांचा आरोप असा की त्याच्या पायाऐवजी लिंगावर शस्त्रक्रिया झाली, आणि चूक लक्षात आल्यावर मग पायाची केली. रुग्णालयाच्या डॉक्टरांचं म्हणणं असं की मुलाला फायमोसिसही होता, दोन्ही शस्त्रक्रिया गरजेच्याच होत्या, चूक काही झालेली नाही. प्रकरण पोलिसांत गेलं, राज्यभर बातम्या झाल्या.

कोण खरं, हे मी इथे बसून ठरवणार नाही. पण समजा, डॉक्टरांचं शब्दन्‌शब्द खरं आहे. तरी नऊ वर्षांच्या मुलाच्या आई-बापाला ती गोष्ट शस्त्रक्रिया झाल्यावर कळते, हे कसं चालेल? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये समिरा कोहली खटल्यात हे स्पष्ट केलेलं आहे. एका प्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसरीला लागू होत नाही, जीव वाचवायची तातडी असेल तेवढा अपवाद. आणि संमती घेताना काय करणार, त्याला पर्याय काय, धोका काय, हे डॉक्टरने सांगितलं पाहिजे. फायमोसिसमध्ये अशी तातडी क्वचितच असते.

ही बातमी आली तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हसण्याच्या इमोजी फिरल्या. "चला, फुकटात झाली." मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. जो शब्द आपण मेडिक्लेमसाठी सहज लिहून घेतो, तोच शब्द तिथे एका मुलाच्या अंगावर चालून गेला होता. "फायमोसिस" हा शब्द इतका स्वस्त झाला की तो लिहिला की पुढे कुणी काही विचारत नाही. तो स्वस्त करण्यात आपलाही हात आहे.

सायन्सने नेमकं काय मान्य केलंय?

आता "सायन्सनं मान्य केलंय" याकडे वळू. काही फायदे खरे आहेत. ते लपवण्याची मला गरज नाही.

बाळपणी मूत्रमार्गाचा संसर्ग सुंता झालेल्या मुलांत कमी होतो. पण मुळात तो शंभरात साधारण एका मुलाला होतो. हिशोब मांडला तर असा एक संसर्ग टाळायला शंभराहून जास्त मुलांची सुंता करावी लागते, आणि तो संसर्ग अँटिबायोटिकने बरा होतो. लिंगाचा कर्करोग लहानपणी सुंता झालेल्यांत कमी दिसतो. पण तो दुर्मिळ आहे, आणि त्याच्या मागे बहुतेकदा न उघडणारी आवळलेली कातडी, अस्वच्छता, तंबाखू आणि एचपीव्ही विषाणू असतात. यातल्या प्रत्येकावर सुंतेवाचून इलाज आहे.

राहिला एचआयव्ही. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडात प्रौढ पुरुषांवर अभ्यास झाले. २००५ ते २००७ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. स्त्रीकडून पुरुषाला होणारा संसर्ग सुंतेने साधारण ६० टक्क्यांनी कमी झाला. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या, एचआयव्ही खूप पसरलेल्या देशांसाठी शिफारस केली. त्या अभ्यासांतले पुरुष स्वतःच्या मर्जीने आलेले प्रौढ होते. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. इथल्या पाच वर्षांच्या मुलाला त्या आकड्याचा आज काय उपयोग? आणि वीस वर्षांच्या तरुणाने "आपली झालेली आहे" म्हणून कंडोमकडे पाठ फिरवली, तर तो आकडा त्याचं उलट नुकसानच करेल.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये सांगितलं की फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत, पण सगळ्या नवजात मुलांची सरसकट सुंता करा असं सांगण्याइतके नाहीत. हा निर्णय आई-बापावर सोडावा. सुंतेच्या बाजूने झुकलेली मोठी वैद्यकीय संस्था एवढंच म्हणते. "थोडा फायदा असू शकतो" आणि "गरज आहे" यांत फरक आहे. तो पुसून आपण आपलीच फसवणूक करतो.

दीनला डॉक्टरचा दाखला कशाला?

मला खरं आश्चर्य याचं वाटतं की हे सगळं करायची गरजच काय.

कुरआनात सुंतेचा उल्लेख नाही. ती येते हदीसमधून. अबू हुरैरा यांच्या रिवायतीत फितरतच्या पाच गोष्टींमध्ये सुंता आहे, आणि तिच्या शेजारी नखं कापणं आणि मिशा बारीक करणंही आहे. नखं कापायला आपण कुठल्या परदेशी अभ्यासाचा हवाला देतो? आपल्या देशावरच्या मुसलमानांचा मजहब हनफी. त्यात सुंता सुन्नत मानली आहे. वरंध घाट उतरून महाडला गेलात की कोकणी मुसलमान शाफई, त्यांच्याकडे ती वाजिब. एका घाटाच्या अंतरावर दोन मतं आहेत, आणि दोन्ही शेकडो वर्षं डॉक्टरच्या सहीवाचून उभी आहेत.

घाईचंही तसंच. तीन, पाच, सात असं विषम वय आपल्याकडे पाळतात, लग्नाच्या हंगामात एकाच मांडवात उरकून घेतात. पण इब्न अब्बास यांच्या रिवायतीवरून दिसतं की त्या काळी मुलगा जाणता होईपर्यंत थांबत. हजरत इब्राहीम यांची सुंता ऐंशीव्या वर्षी झाल्याचं हदीसमध्येच आहे. जिवाला धोका असेल तर सुंता पुढे ढकलावी किंवा सोडून द्यावी, हे फुकहा सांगत आले आहेत. तबरीने आठव्या शतकाच्या सुरुवातीची एक हकिकत नोंदवली आहे. खुरासानात नवे मुसलमान झालेल्यांची सुंता तपासून मगच त्यांना मुसलमान धरावं, असा सल्ला खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ यांना मिळाला. त्यांनी तो धुडकावला. पैगंबर लोकांना हाक द्यायला आले होते, सुंता करायला नव्हे, असं त्यांचं उत्तर होतं.

म्हणजे थांबायला धर्मात जागा आहे. नीट करायलाही आहे. जागा नाही ती फक्त आपल्या घाईत.

आणि नीट करायचं म्हणजे काय, तेही सांगतो. धर्मासाठी करतो असं एकदा कबूल केलं की दुसरी गोष्ट आपोआप कबूल करावी लागते: हे मूल आजारी नाही. निरोगी मुलाच्या अंगावर वार करताना सगळी जबाबदारी आपली. मग "हजामाने आमच्या आजोबांची केली, अब्बांची केली, काही झालं का?" हे चालणार नाही. ज्यांना काही झालं त्यांनी ते कधी बोलून दाखवलं? एकाच वस्तऱ्याने आणि चिमट्याने ओळीने दहा पोरं, भूल नाही, वर राख नाहीतर पावडर, हे चालणार नाही. सामूहिक शिबिर असेल तर प्रत्येक मुलामागे वेगळी निर्जंतुक हत्यारं आहेत का, भूल कोण देतंय, रात्री रक्त वाहिलं तर कुणाला फोन करायचा, हे जमातीने आधी विचारावं, मग मांडव घालावा.

आधी तपासणी हवी. कातडी खालच्या बाजूला अपुरी आहे आणि लघवीचं छिद्र टोकावर नसून खाली आहे, असं दर दोनशे-तीनशे मुलांमागे एकाचं असतं. याला हायपोस्पेडियास म्हणतात. आपल्याकडे कधीकधी असं बाळ "जन्मतःच सुंता होऊन आलं" म्हणून कौतुकाचं होतं. त्याची सुंता करायची नसते, कारण पुढे छिद्र जागेवर आणायच्या शस्त्रक्रियेत तीच कातडी कामी येते. घरात, विशेषतः आईच्या माहेरी, कुणा पुरुषाला किरकोळ जखमेनेही खूप रक्त जात असेल, तर हिमोफिलियाची तपासणी झाल्याशिवाय हात लावायचा नाही. हा प्रश्न नानीला विचारायला एक मिनिट लागतो. शाळेत आणि अंगणवाडीत मुलं तपासायला सरकारी पथक येतं, त्यातल्या डॉक्टरलाही विचारता येतं.

"लांड्या" या शब्दाची किंमत

आता शेजाऱ्यांचं. कारण भोर-वेल्ह्यात आपण थोडे आहोत. गावात पाच-दहा घरं, बाकी सगळा मावळ आपल्याभोवती. शाळेत, क्रिकेटच्या मैदानावर, कधी भांडणात तर कधी गंमतीत, "लांड्या" हा शब्द आपल्यातल्या प्रत्येकाने ऐकलेला आहे. लांडा म्हणजे शेपूट तुटलेला. १९४७ मध्ये आणि १९९२-९३ च्या मुंबईत कपडे उतरवून माणसं ओळखली गेली, तेव्हा हाच शब्द हातात शस्त्र घेऊन उभा होता.

"सायन्सनं मान्य केलंय" हे वाक्य त्या शिवीला दिलेलं उत्तर आहे, हे मला कळतं. तुम्ही हसता, पण शहाणे आम्हीच, असं त्यातून सांगायचं असतं. पण शिवीला उत्तर म्हणून मुलाच्या केसपेपरवर खोटं लिहिणं हा सन्मान नव्हे. ज्याला आपल्या श्रद्धेची लाज वाटत नाही, त्याला तिच्यावर डॉक्टरचा कोट चढवावा लागत नाही.

आणि त्या शिवीची किंमत फक्त आपण मोजत नाही. वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या पंचावन्न वर्षांच्या शेतकऱ्याला मधुमेह होतो. साखर लघवीत उतरते, कातडीखाली बुरशी धरते, खाज, चिरा, मग वण, मग कातडी मागेच जाईना. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या तर साखर लघवीवाटेच बाहेर काढतात. २०२० मध्ये त्या औषधाचं पेटंट संपलं, गोळी स्वस्त झाली, तालुक्याच्या मेडिकलमध्ये सर्रास मिळू लागली. त्या गोळीने अनेकांचं हृदय आणि मूत्रपिंड वाचतं, ती मनाने बंद करायची नाही. पण रोज धुणं, कोरडं ठेवणं आणि खाज सुटली तर डॉक्टरला सांगणं हवं. कुणी सांगत नाही. मधुमेही माणसाची कातडी नव्याने आवळली तर साखर तपासणं हाच पहिला उपचार असतो, कित्येकदा मधुमेह त्यावरूनच कळतो. आणि शेवटी, काही जणांना सुंता लागतेच.

तिथे हा गडी अडतो. "मला मुसलमान करताय का?" हे वाक्य मी भोरच्या बाजारात थट्टेत ऐकलंय आणि दवाखान्याच्या बाकावर अगदी गंभीरपणेही. लाजेपायी माणसं वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढतात, आणि आवळलेल्या कातडीखाली वाढणारी गाठ उशिरा दिसते. जी शिवी आपल्याला हिणवायला केली, ती त्यांच्याच पुरुषांना दवाखान्यापासून लांब ठेवते.

त्यांना सांगा, हा आजार मुसलमानांचा नाही आणि इलाजही मुसलमानांचा नाही. सुश्रुतसंहितेत दोन्ही रोग नावानिशी आहेत. आवळलेली कातडी म्हणजे निरुद्धप्रकश, मागे अडकलेली म्हणजे परिवर्तिका. पहिल्यावर तूप लावलेली नळी घालायची आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी वापरून वाट रुंद करायची, दुसऱ्यात तूप लावून हळूहळू दाबत कातडी पुढे आणायची, असे उपाय त्यात दिले आहेत. हे इस्लामच्या कितीतरी आधीचं आहे.

पण हे सांगायचा अधिकार आपल्याला कधी येतो? आपण स्वतः आजार आणि धर्म यांची सरमिसळ थांबवतो तेव्हा. सुंता म्हणजे आरोग्य असं आपणच ओरडत राहिलो, तर शेजाऱ्यालाही उपचार म्हणजे धर्मांतर वाटणार.

बंदी नको, खरेपणा हवा

हे वाचून कुणी म्हणेल, हा सुंताबंदीचा अजेंडा आहे. नाही. जर्मनीत कोलोन शहरातल्या न्यायालयाने २०१२ मध्ये चार वर्षांच्या मुस्लिम मुलाच्या सुंतेला शारीरिक इजा ठरवलं. मुस्लिम आणि ज्यू दोघेही हादरले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या संसदेने कायदा करून सुंतेला परवानगी दिली, पण ती वैद्यकीय नियमांप्रमाणे झाली पाहिजे अशी अट घातली. आपल्याकडे केरळ उच्च न्यायालयात मुलांच्या सुंतेविरुद्धची याचिका मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली. कायदे करणं हे आपलं काम नाही, असं न्यायालय म्हणालं. मला ते योग्य वाटतं. बंदी आली की हे काम बंद दाराआड, हजामाच्या वस्तऱ्याखाली परत जाईल आणि त्रास मुलांनाच होईल.

पण बंदी नको म्हणणाऱ्यावर जास्त जबाबदारी येते. तुम्ही, म्हणजे आज वीस-पंचवीस-तीस वर्षांचे, उद्या आई-बाप होणार आहात किंवा झाला आहात. मुलाची सुंता करायची की नाही, कधी करायची, हा तुमचा निर्णय. मुलाला विचारून, तो हो म्हणेल एवढा मोठा होईपर्यंत थांबायचं असेल, तर दीन आड येत नाही, हे वर सांगितलंच. करणार असाल तर प्रशिक्षित सर्जन, भूल आणि आधी तपासणी यांवर तडजोड करू नका. खर्च खिशातून करा. परवडत नसेल तर दावतीची एक पंगत कमी करा, किंवा जमातीकडे मागा. खोटा आजार मागू नका.

आणि तो मुलगा पंधरा-सोळाचा झाल्यावर विचारेल, अब्बा, माझं हे का केलंत? तेव्हा "आपल्या धर्मात आहे, म्हणून आम्ही केलं, नीट काळजी घेऊन केलं" एवढं उत्तर पुरेसं आहे. त्यावर तो तुमच्याशी वाद घालेल, कदाचित रागावेलही. तो वाद खऱ्या गोष्टीवरचा असेल. "तू आजारी होतास" हे उत्तर देऊ नका. तो आजारी नव्हता.